महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक निवडताना नेमके काय पाहावे?

रसायनशाळा

नमस्कार. मी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात गेली १४ वर्षे रसायनशास्त्र शिकवते. आमचे संघ एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात खेळतात, पण आमची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, मोठ्या नावाची नाही आणि आमचे सामने दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसतात. क्रीडा विभाग आणि प्राध्यापकवर्ग यांच्यातील दुवा म्हणून दोन वर्षांपूर्वी माझी नेमणूक झाली. पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी नुकतेच पद सोडल्यामुळे आता नव्या निवडीसाठीच्या समितीत मला घेण्यात आले आहे. अंतिम निर्णय क्रीडा संचालक आणि विद्यापीठाचे अध्यक्ष घेणार, हे मला ठाऊक आहे. तरीही माझे मत विचारले जाणार असेल, तर ते विचारपूर्वक द्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उमेदवारांची नावे गुप्त असल्यामुळे एवढेच सांगते की, तीन प्रकारची माणसे आमच्यासमोर आहेत. एक जण एका नामांकित विद्यापीठात बरीच वर्षे सहायक प्रशिक्षक आहेत. दुसरे दुसऱ्या विभागातील एका लहान महाविद्यालयाचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांचा संघ सातत्याने जिंकतो. तिसरे आमचेच माजी विद्यार्थी असून पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांनी नाव कमावले, मात्र मुख्य प्रशिक्षकाचे काम त्यांनी कधी केलेले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा कल उघडपणे तिसऱ्या नावाकडे आहे.

मी सामने आवडीने पाहते, पण प्रशिक्षक चांगला की वाईट हे सामना पाहून मला सांगता येत नाही. जिंकलेल्या सामन्यांची संख्या किती महत्त्वाची मानावी? दीड तासाच्या मुलाखतीत काय विचारावे? आणि या कामाची खरी पारख कशावरून होते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मैदानकडा

मी विद्यार्थी असताना चार हंगाम एका संघाचा स्टुडंट मॅनेजर होतो आणि पदवीनंतर दोन वर्षे दुसऱ्या एका संघात व्हिडिओचे काम केले. चेंडू पुसणे, बाटल्या भरणे, सरावाचे घड्याळ लावणे आणि रात्री सामन्यांच्या चित्रफितींचे तुकडे करून ठेवणे, ही माझी कामे होती. या सहा वर्षांत मी तीन मुख्य प्रशिक्षक अगदी जवळून पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की मुख्य प्रशिक्षकाला सर्वांत आधी शिकवता आले पाहिजे आणि त्याला शिकवता येते की नाही हे सरावातच कळते. सामना म्हणजे परीक्षेचा पेपर; वर्गात काय घडले ते त्यावरून अंदाजानेच ओळखावे लागते.

एक प्रसंग सांगतो. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि सरावात क्लोजआउटचे ड्रिल चालले होते. क्लोजआउट म्हणजे, ज्याच्याकडे चेंडू आला त्या नेमबाजाच्या दिशेने धावत जाऊन, हात उंचावून, त्याच्यासमोर तोल सांभाळून थांबणे. पहिल्या वर्षाचा एक उंच मुलगा दर वेळी गरजेपेक्षा जोरात जायचा आणि नेमबाज त्याला बगल देऊन सरळ बास्केटकडे निघून जायचा. मी आधी ज्यांच्या हाताखाली काम केले होते ते प्रशिक्षक अशा वेळी सगळ्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावत. या प्रशिक्षकांनी माझ्याकडून पांढऱ्या टेपचे रीळ मागून घेतले, गुडघ्यावर बसून नेमबाजापासून साधारण तीन पावलांवर टेपची पट्टी चिकटवली आणि मुलाला म्हणाले, “इथपर्यंत धावत ये. इथून पुढे पावले लहान कर.” मुलगा पुढच्या खेपेलाही चुकला, त्याच्या पुढच्या खेपेला मात्र थांबला. ती पट्टी झिजली की मी नवी चिकटवत असे. जानेवारीत एके दिवशी प्रशिक्षकांनी मला ती काढून टाकायला सांगितले आणि पट्टी नाही हे त्या मुलाच्या लक्षातही आले नाही. चूक नेमकी कोणत्या पावलावर होते ते ओळखणे आणि ती सुधारण्याची युक्ती मुलाच्या डोळ्यांसमोर ठेवणे, ही त्या माणसाची खरी विद्या होती.

यूसीएलए विद्यापीठाचे दिग्गज प्रशिक्षक जॉन वुडन हंगामाच्या पहिल्या सरावात खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालावेत हे शिकवत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतो आणि फोड आला की खेळाडू सराव बुडवतो, इतका साधा त्यामागचा विचार होता. त्याहून उपयोगाची गोष्ट पुढची आहे. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात वुडन यांचे १५ सराव बसून पाहिले आणि त्यांच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक सूचनेची नोंद केली. अशा दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे. कौतुक थोडे होते आणि रागावणेही थोडेच होते. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता, म्हणून सुचवतो की हाच प्रयोग तुम्हीही करून पाहा. उमेदवाराच्या सरावाची चित्रफीत लावा, कागदावर तीन रकाने आखा आणि एक तास मोजत बसा. ‘जोर लावा’, ‘जागे व्हा’ अशी वाक्ये एका रकान्यात, नेमकी सूचना असलेली दुसऱ्यात आणि अपमान करणारी तिसऱ्यात. दुसरा रकाना भरलेला दिसला नाही, तर त्या माणसाने किती सामने जिंकले आहेत याचा विचार नंतर करावा.

चित्रफीत मागताना मात्र उमेदवाराने निवडून दिलेली एकच घेऊ नका. बहुतेक संघ प्रत्येक सरावाचे चित्रण करून ठेवतात. सलग दोन सामने हरल्यानंतरच्या आठवड्यातले लागोपाठ तीन सराव मागा. रटगर्स विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक राइस सरावात मुलांच्या अंगावर चेंडू फेकत आणि त्यांना शिवीगाळ करत, हे २०१३ मध्ये चित्रफितीच प्रसारित झाल्यावर देशाला कळले. त्यानंतर त्यांना काढण्यात आले आणि क्रीडा संचालकांनाही पद सोडावे लागले. हे सारे इमारतीच्या आत चित्रित होत होते. नेमणूक करताना मागील ठिकाणच्या सामान्य दिवसांचे चित्रण मागण्याची पद्धत मात्र फारशी नाही. ती असायला हवी, असे मला तळमळीने वाटते.

सामन्यातली एकच गोष्ट पाहायची असेल, तर टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेतलेली छोटी विश्रांती, पाहा. चांगला प्रशिक्षक आधी काही सेकंद सहायकांशी बोलतो, तोवर मुलांना श्वास घेऊ देतो, पाणी पिऊ देतो. मग स्टुलावर बसून पाटीवर एकच आकृती काढतो आणि एक-दोन वाक्ये बोलतो. टेपची पट्टी लावणारे आमचे प्रशिक्षक शेवटी पाच खेळणाऱ्यांना सोडून कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या राखीव मुलाला विचारत, “आता स्क्रीन कोण लावणार?” म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायला कोण उभे राहणार. तो मुलगा उत्तर देऊ शकला, की बाकी सगळ्यांना कळले असे ते समजत. ज्यांच्या टाइमआउटमध्ये पाच सूचना असत, त्यांचा संघ मैदानात परतताना एकमेकांना ‘काय करायचे आहे?’ असे विचारत असे. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करताना ते दर वेळी ऐकत होतो.

आकडेमोड

मैदानकडा यांनी सांगितलेली मोजणीची कल्पना मला फार आवडली. मी जिंकण्या-हरण्याच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण समितीच्या बैठकीत तेच आकडे सर्वांत आधी टेबलावर येतात आणि बहुधा चुकीच्या पद्धतीने वाचले जातात.

एखाद्या प्रशिक्षकाने हंगामात २२ सामने जिंकले, या वाक्यातून फार थोडे कळते. ते सामने कोणाविरुद्ध होते, किती घरच्या मैदानावर होते आणि किती सामने दोन-तीन गुणांच्या फरकाने जिंकले, हे पाहिल्याशिवाय तो आकडा पोकळ आहे. अटीतटीचे सामने जिंकण्यात नशिबाचा वाटा बराच असतो आणि असे नशीब पुढच्या हंगामात सोबत येईलच असे नसते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांची ताकद लक्षात घेऊन, प्रत्येक १०० पोझेशनमागे, म्हणजे चेंडू १०० वेळा ताब्यात आल्यावर, संघाने किती गुण केले आणि किती दिले, असा हिशेब पाहावा. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक केन पोमेरॉय यांच्या संकेतस्थळावर पहिल्या विभागातील साडेतीनशेहून अधिक संघांचा असा हिशेब अनेक वर्षांचा मिळतो. दुसऱ्या विभागातील उमेदवारासाठी मात्र तुमच्या सांख्यिकी विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला बसवावे लागेल.

त्याच्या पुढे जाऊन याच विषयाचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक पाहावेत: नेमबाजीची परिणामकारकता, टर्नओव्हर (नेम न मारताच चेंडू गमावणे), आक्रमणातील रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या नेमाचा चेंडू परत मिळवणे) आणि फ्री थ्रो (फाउलनंतरची मोकळी नेमबाजी) मिळवण्याची क्षमता. प्रशिक्षक बदलल्यावर या चारांपैकी काय बदलले, हे मला एकूण विजयांपेक्षा महत्त्वाचे वाटते. एखाद्या संघाचे टर्नओव्हर तीन हंगाम सतत कमी होत गेले, आणि खेळाडू दर वर्षी थोडेफार बदलत असूनही तसे झाले, तर ते श्रेय शिकवण्याचेच असते. तसेच एकेका खेळाडूची रेघ ओढावी: पहिल्या वर्षी त्याची फ्री थ्रोची टक्केवारी काय होती, तिसऱ्या वर्षी काय झाली, त्याला मिळणारी मिनिटे कशी वाढली. भरती चांगली असणारा प्रशिक्षक आणि मुले घडवणारा प्रशिक्षक यांतला फरक या रेघेवर उघड होतो.

सुरुवातीच्या अपयशावरून घाईने निष्कर्ष काढू नये, याचे सर्वांत मोठे उदाहरण ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांचे आहे. १९८० मध्ये ते आले आणि पहिल्या तीन हंगामांत त्यांनी ३८ सामने जिंकले, ४७ हरले. तिसऱ्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने त्यांना ४३ गुणांनी हरवले. अनेकांनी त्यांना काढण्याची मागणी केली, पण क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्यांना ठेवले. पुढे त्यांनी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. वुडन यांनाही यूसीएलएमध्ये १९४८ मध्ये आल्यानंतर पहिल्या अजिंक्यपदासाठी १९६४ पर्यंत थांबावे लागले, हे आज अनेकांना खरेही वाटत नाही. तुमच्या समितीने प्रशिक्षकाइतकाच आपल्या क्रीडा संचालकांनाही एक प्रश्न विचारावा: दुसऱ्या हंगामात संघ हरत असेल, तर कोणत्या खुणा पाहून तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहाल?

आता तुमच्या तीन प्रकारांबद्दल. लहान विभागातून आलेला मुख्य प्रशिक्षक मोठ्या विभागात टिकेल का, ही शंका नेहमी घेतली जाते. बो रायन यांनी प्लॅटव्हिलमध्ये तिसऱ्या विभागाची चार अजिंक्यपदे जिंकली आणि पुढे विस्कॉन्सिनला २०१४ व २०१५ मध्ये पहिल्या विभागाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चार संघांत नेले. जॉन बीलाइन तर आयुष्यात कधी सहायक प्रशिक्षक नव्हतेच. शाळा, दोन वर्षांचे महाविद्यालय, लहान महाविद्यालये अशी एकेक पायरी मुख्य प्रशिक्षक म्हणून चढत ते मिशिगनला पोहोचले आणि २०१३ व २०१८ मध्ये त्यांचा संघ अंतिम सामना खेळला. अशा माणसाने कमी पैशांत, कमी माणसांत, प्रत्येक निर्णय स्वतः घेतलेला असतो. सहायक प्रशिक्षकाच्या बाबतीत जिंकण्याचे श्रेय कोणाचे हे ठरवणे अवघड जाते. म्हणून त्यांना विचारावे की संघाच्या कोणत्या भागाची जबाबदारी सर्वस्वी तुमची होती, आणि त्या भागाचे आकडे मागावेत.

माजी खेळाडूबद्दल मी सावध राहीन. सेंट जॉन्सने २०१५ मध्ये आपले लाडके माजी खेळाडू क्रिस मलिन यांना प्रशिक्षणाचा अनुभव नसताना नेमले. चार हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. जॉर्जटाउनने २०१७ मध्ये पॅट्रिक युइंग यांना आणले. त्यांच्याकडे व्यावसायिक संघांत सहायक म्हणून केलेल्या कामाचा दीर्घ अनुभव होता, तरीही २०२१-२२ मध्ये त्यांच्या संघाने कॉन्फरन्समधील १९ पैकी एकही सामना जिंकला नाही. दुसरीकडे आयोवा स्टेटचे माजी खेळाडू फ्रेड हॉयबर्ग प्रशिक्षणाचा अनुभव नसतानाही यशस्वी झाले आणि २०१२ पासून सलग चार वर्षे त्यांचा संघ एनसीएए स्पर्धेत खेळला. त्यामुळे दार बंद करावे असे मी म्हणणार नाही. पण चाहत्यांचे प्रेम हा गुण म्हणून मोजू नये.

नियमपुस्तक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण मला थोडा मतभेद नोंदवायचा आहे. मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे काम करतो. टेपची पट्टी जानेवारीपर्यंत राहिली आणि तो मुलगा सुधारला, हे वाचताना माझ्या मनात पहिला विचार असा आला की आज तो मुलगा एप्रिलमध्ये दुसऱ्या विद्यापीठात गेला असता.

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागले. २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा बदलण्याची वाट मोकळी झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात आणि २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. तुमच्यासारख्या विद्यापीठाला त्याच्या जवळपासही जाता येणार नाही. म्हणजे तुमचा प्रशिक्षक एखादा मुलगा घडवील आणि मोठे विद्यापीठ त्याला घेऊन जाईल, हे गृहीत धरूनच निवड करावी लागेल.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्याइतका उत्तम शिक्षक शोधून सापडणे कठीण. २०१८ मध्ये त्यांचा पहिल्या मानांकनाचा संघ सर्वांत खालच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी विद्यापीठाकडून २० गुणांनी हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे त्याआधी कधीच घडले नव्हते. पुढच्याच वर्षी जवळपास त्याच मुलांना घेऊन त्यांनी अजिंक्यपद जिंकले. तेच बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, या बदललेल्या वातावरणात आपण या कामासाठी योग्य राहिलो नाही असे सांगून निवृत्त झाले. म्हणून माझे म्हणणे असे की उमेदवाराला विचारा: हंगाम संपल्यावर सहा खेळाडू निघून गेले, तर पहिल्या दहा दिवसांत तुम्ही काय कराल? फोन कोण करणार, कोणाला करणार, पैशांचा प्रश्न निघाला तर काय सांगणार? ज्याच्याकडे याचे नेमके उत्तर नाही, त्याच्याकडे शिकवायला मुले उरणार नाहीत.

दुसरा मुद्दा सहायकांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे परिणाम मी कागदोपत्री रोज पाहतो. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने चार विद्यापीठांच्या सहायक प्रशिक्षकांना लाचप्रकरणी अटक केली. लुइव्हिलचे २०१३ चे अजिंक्यपद २०१८ मध्ये रद्द झाले ते कर्मचाऱ्यांपैकी एकाने भरतीसाठी येणाऱ्या मुलांकरिता केलेल्या गैरप्रकारांमुळे. जानेवारी २०२३ पासून एनसीएएच्या नियमानुसार हाताखालच्या माणसांच्या उल्लंघनाची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकावर आपोआप येते. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही. त्यामुळे मुलाखतीला येताना उमेदवाराने आपल्या संभाव्य सहायकांची नावे आणावीत आणि तुमच्या विभागाने त्या प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी. सगळे सहायक त्याचे जुने मित्र असतील आणि त्याला विरोध करणारा त्यांत एकही नसेल, तर मी तिथे लाल खूण करीन.

तुम्ही प्राध्यापकांच्या वतीने बसणार आहात, म्हणून अभ्यासाचेही एक सांगतो. संघाचा शैक्षणिक प्रगतीचा गुणांक कमी पडल्यामुळे कनेटिकटसारख्या बलाढ्य संघाला २०१३ च्या स्पर्धेत खेळता आले नव्हते. उमेदवाराच्या आधीच्या संघाचा हा गुणांक सहज मिळतो. तो पाहून समाधान मानू नका; त्या महाविद्यालयाच्या अभ्यास सल्लागारांना फोन करा आणि परीक्षेच्या आठवड्यात प्रशिक्षक सरावाच्या वेळा बदलत असत का, एवढे विचारा. आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही सरावाची मर्यादा कागदावर सगळेच पाळतात.

मैदानकडा

नियमपुस्तक यांचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यातून माझा निष्कर्ष उलटा निघतो. मुलगा चार वर्षे राहणार असेल, तर वाईट शिक्षकाच्या हाताखालीही तो वयाने आणि सरावाने थोडा सुधारतोच. तो एकच वर्ष राहणार असेल आणि त्याच्याबरोबर आणखी सात जण नवे असतील, तर जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांना एक बचाव आणि एक भाषा शिकवणारा माणूस लागतो. वेळ कमी झाला, म्हणून शिक्षक अधिक चांगला हवा. शिवाय ज्या विद्यापीठाकडे पैसा कमी आहे, तिथे मुले येण्याचे कारण काय असू शकते? ‘इथे आलो तर माझा खेळ सुधारेल’ हेच. प्रशिक्षक डस्टी मे हे इंडियाना विद्यापीठात माझ्यासारखेच स्टुडंट मॅनेजर होते; त्यांनी २०२३ मध्ये फ्लोरिडा अटलांटिकसारख्या विद्यापीठाला अंतिम चार संघांत नेले. त्या वसंतात त्यांची बहुतेक मुले दुसरीकडे न जाता तिथेच राहिली, ही गोष्ट मला त्या यशाइतकीच मोठी वाटते.

म्हणून उमेदवाराला असे विचारा, की तुमच्याकडून निघून गेलेल्या शेवटच्या पाच मुलांची नावे सांगा आणि ती का गेली ते सांगा. नंतर त्या पाच जणांना फोन करा.

वॉकऑनची आई

मी खेळातली जाणकार नाही. माझा मुलगा एका विद्यापीठाच्या संघात चार वर्षे शिष्यवृत्तीशिवाय होता, म्हणजे वॉक-ऑन. चार वर्षांत त्याला सामन्यांमध्ये मिळालेली सगळी मिनिटे एकत्र केली तर पाऊण तासही भरणार नाही. तो रोज सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूची भूमिका करायचा, जेणेकरून मुख्य पाच जणांना तयारी करता यावी.

त्या चार वर्षांत दोन प्रशिक्षक झाले. पहिले भरतीच्या वेळी आमच्या घरी आले होते, दोन तास बसले होते, घरातल्या प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवून बोलले होते. ऑक्टोबरनंतर त्यांनी माझ्या मुलाशी संपूर्ण हंगामात एकदाही स्वतंत्रपणे बोलणे केले नाही. जानेवारीत त्याच्या घोट्याला दुखापत झाली, तेव्हा तो तीन आठवडे बाकाच्या टोकाला बसून होता, ‘कसा आहेस?’ हा प्रश्नही त्याला फिजिओशिवाय कोणी विचारला नाही. तो दर रविवारी फोनवर सगळे ठीक आहे म्हणत असे, आणि आवाजावरून ते खरे नाही हे मला कळत असे.

दुसरे प्रशिक्षक आले तेव्हा त्यांनी नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक खेळाडूच्या घरी फोन केला, आमच्याही. त्यांनी मला फारसे गोड काही सांगितले नाही. उलट स्पष्टच सांगितले, की तुमच्या मुलाला खेळायला फार वेळ मिळणार नाही, पण सरावात त्याचे काम काय असेल ते मी त्याला दर आठवड्याला सांगीन. ते त्यांनी पाळले. दर सोमवारी माझ्या मुलाला एक कागद मिळत असे, त्यावर त्या आठवड्यात त्याने कोणत्या खेळाडूची नक्कल करायची आणि तो खेळाडू डाव्या हाताने किती वेळा जातो असे सगळे लिहिलेले असे. त्याने ते सारे कागद जपून ठेवले आहेत. आज तो एका शाळेत संघाला शिकवतो.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या घरच्या सामन्यात वॉक-ऑन मुलांनाही सुरुवातीच्या पाचांत उतरवत, असे मी मुलाकडून ऐकले. त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्रानुसार त्यांच्या संघांतील माजी खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलर पाठवण्यात आले, बाहेर जाऊन चांगले जेवा म्हणून. सर्वांना सारखेच, मग कोणी विश्वविख्यात झालेला असो वा नसो. रसायनशाळाताई, तुम्ही उमेदवाराच्या सर्वोत्तम खेळाडूला फोन कराल, तो चांगलेच बोलेल. कृपा करून बाकाच्या शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला फोन करा, आणि जमल्यास त्याच्या आईलाही.

रसायनशाळा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गुप्ततेमुळे तपशील देता येत नाहीत, तरी एवढे कळवते.

तिन्ही उमेदवारांकडे हरलेल्या आठवड्यातील तीन सरावांचे चित्रण मागावे, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडला. एका सदस्यांना तो अपमानास्पद वाटला, पण क्रीडा संचालकांनी मान्य केला. माजी खेळाडू असलेल्या उमेदवारांकडे स्वतःच्या सरावाचे चित्रण असणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना आमच्याच व्यायामशाळेत विद्यार्थ्यांच्या हौशी संघाला ४० मिनिटे शिकवण्याची विनंती केली आहे आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली, याचे मला कौतुक वाटले. दुसऱ्या हंगामातल्या पराभवांबद्दलचा प्रश्न मी क्रीडा संचालकांना विचारला. त्यांनी उत्तर लेखी देण्याचे कबूल केले आहे.

काल रात्री मी तीन रकाने आखून पहिली चित्रफीत पाहिली. पहिली २० मिनिटे मला मोजणी जमेना, कारण एकाच वाक्यात ओरडणेही होते आणि नेमकी सूचनाही होती; मग मी चौथा रकाना वाढवला. तासाभरात १३८ नोंदी झाल्या, त्यांपैकी ८१ नेमक्या सूचनांच्या. चित्रफितीच्या शेवटी सगळी मुले निघून गेल्यावर प्रशिक्षक एका राखीव मुलाबरोबर फ्री थ्रोच्या रेषेवर थांबलेले दिसतात, कोपर किती आत हवे ते हाताने दाखवतात, आणि चित्रण तिथेच संपते. त्या मुलाचा जर्सी क्रमांक मी टिपून ठेवला आहे. सोमवारी त्याला फोन करणार आहे.